अर्ध्या तासाच्या वाऱ्यातून टर्ब्युलन्सची सांख्यिकी कशी काढावी

दहा मीटर उंच खांबावर सॉनिक ॲनेमोमीटर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी वारा मोजणारं यंत्र, बसवला. त्याने सेकंदाला २० वेळा वाऱ्याचा वेग टिपला, अर्धा तास. हाताशी ३६,००० ओळींची फाइल आली. आता पुढे काय?

बहुतेक विद्यार्थी लगेच स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या चढउतारांत किती ऊर्जा आहे याचा आलेख, काढतात, लॉग-लॉग आलेखावर उणे पाच-तृतीयांश उताराची रेघ ठेवतात आणि रेघ बिंदूंना चिकटली की 'कोल्मोगोरोव दिसला', म्हणजे रशियन गणिती कोल्मोगोरोव यांचा नियम लागू पडला, म्हणून फाइल मिटवतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. आलेख खरा होता. पण त्या एका रेघेने जेवढं सिद्ध होतं त्याहून कितीतरी जास्त सिद्ध झालं, असं मी मानून चाललो होतो. म्हणून हा क्रम लिहून काढतो आहे. यातल्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: या आकड्यामागे खरोखर स्वतंत्र अशी निरीक्षणं किती आहेत?

पाठ्यपुस्तकांत टर्ब्युलन्सला, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या अनियमित प्रवाहाला, 'संक्षोभ' हा चांगला शब्द भेटतो, पण प्रयोगशाळेत सगळे टर्ब्युलन्सच म्हणतात, म्हणून मीही तोच वापरतो. हिशेब पायरीपायरीने पुढे न्यायचा तर एक उदाहरण हवं, म्हणून समजा: वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर, चढउतारांचं प्रमाण विचलन ०.८ मीटर, आणि ऊर्जा मुरण्याचा दर, ज्याला सगळे एप्सिलॉन म्हणतात, किलोमागे ०.०१ वॅट. मोकळ्या माळावर मध्यम वाऱ्यात साधारण या मापाचे आकडे येतात.

आधी हे पटवून घ्या: भाकीत का नाही

१९६१ मध्ये एमआयटीत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाचं एक छोटं गणित संगणकावर पुन्हा चालवलं. सुरुवातीचा आकडा ०.५०६१२७ होता, त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ भरला. थोड्याच वेळात दोन्ही निकालांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. १९६३ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखातली तीन समीकरणं याच अनुभवातून पुढे आली. केऑस, म्हणजे सुरुवातीच्या किंचित फरकाने पुढचं सगळं बदलणं, म्हटलं की बहुतेकांना हीच गोष्ट आठवते, आणि तिच्यातून एक आशाही उरते: सुरुवात दसपट अचूक मोजली तर भाकीत थोडं तरी लांबवता येईल.

टर्ब्युलन्स ती आशाही काढून घेतो. हा मुद्दा लोरेन्झ यांनीच १९६९ मध्ये मांडला, आणि आपल्या आकड्यांवर तो सहज तपासता येतो. एखाद्या भोवऱ्याला मोडायला लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे बदलतो. १ मीटरच्या भोवऱ्याला अंदाजे ४.६ सेकंद, अर्ध्या मीटरच्या भोवऱ्याला २.९, पाव मीटरच्या भोवऱ्याला १.८. प्रत्येक वेळी आकार निम्मा केला की वेळ ०.६३ पट होतो. सर्वांत बारीक भोवऱ्यातली चूक एकेक पायरी वर चढत १ मीटरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल? या सगळ्या वेळांची बेरीज करा. पायऱ्या कितीही वाढवा, बेरीज साडेबारा सेकंदांच्या पुढे जात नाही. म्हणजे सुरुवात हजारपट अचूक मोजली तरी १ मीटरच्या भोवऱ्याबद्दल त्या साडेबारा सेकंदांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. हा अंदाजी हिशेब आहे, पण त्याचा रोख पक्का आहे.

त्याच माळावर, तशाच वाऱ्यात उद्या पुन्हा अर्धा तास मोजलं तर आजची एकही ओळ तशीच्या तशी येणार नाही. पण प्रमाण विचलन, स्पेक्ट्रम, वेगफरकांचं वितरण हे सगळं जवळपास तसंच येईल. जे परत येतं तेच मोजायचं.

फाइल साफ करणं

प्रथम अक्ष फिरवा. सरासरी वारा पहिल्या अक्षावर यावा आणि उभ्या वेगाची सरासरी शून्य व्हावी, असे दोन वळसे द्यायचे. खांब एखाद्या अंशाने जरी कलला असेल तरी आडवा वेग उभ्या वेगात मिसळतो आणि आडव्या आणि उभ्या वेगांचे पुढचे सगळे गुणाकार बिघडतात.

मग खोट्या उसळ्या. इथे घाई नको. प्रमाण विचलनाच्या चारपट बाहेर गेलेला प्रत्येक बिंदू उडवायचा असा नियम अनेक ठिकाणी डोळे झाकून लावतात. तो लावला की टर्ब्युलन्सचं सर्वांत मोलाचं वैशिष्ट्य, म्हणजे दुर्मीळ पण प्रचंड उसळ्या, आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. माझा नियम असा: एकच बिंदू एकटा उडाला असेल, त्याच्या आधीचा आणि नंतरचा जागेवर असेल आणि यंत्राने स्वतःच दर्जाची खूण बिघडलेली दाखवली असेल, तर तो काढा. सलग चार-पाच बिंदूंनी मिळून चढउतार केला असेल तर तो वारा आहे, राहू द्या. काढलेल्या जागी सरळ रेघ जोडू नका, ती जागा रिकामी ठेवा. जोडलेली रेघ वेगफरकांच्या हिशेबात खोटा शांतपणा घालते.

किती बिंदू काढले तो आकडा वहीत लिहा. पायरी सातमध्ये तो लागणार आहे.

पायरी एक: वारा या अर्ध्या तासात बदलला का

फाइलचे पाच-पाच मिनिटांचे सहा तुकडे करा. प्रत्येकाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरी ४.९, ५.१, ५.०, ४.८ अशी आसपास हलत असेल तर ठीक. ४.२ पासून ५.८ पर्यंत चढतच गेली असेल तर हवामान बदलत होतं, आणि तुमची एक फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक वेगवेगळे प्रवाह आहेत. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी जमीन निवताना असं हमखास होतं.

अशा फाइलमधून सरळ कल वजा करून पुढे जाण्याचा मोह होतो. हलका कल असेल तर करा. मोठा असेल तर ती फाइल बाजूला ठेवा आणि दुसरा अर्धा तास निवडा. फाइल टाकून देण्यात कमीपणा नाही.

पायरी दोन: खरोखर किती निरीक्षणं आहेत

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

सरासरी वेग ५.०० आला. यात चूक किती? ३६,००० निरीक्षणं आहेत असं धरलं तर ०.८ ला ३६,००० च्या वर्गमूळाने भागायचं, उत्तर ०.००४ मीटर. फार सुंदर, आणि साफ चूक. विसावा भाग सेकंद थांबून घेतलेलं पुढचं निरीक्षण नवं काही सांगत नाही, कारण तोच भोवरा अजून खांबाजवळून जातो आहे.

म्हणून स्वसहसंबंध काढा: चढउतारांची मालिका स्वतःशीच थोडी सरकवून गुणा, सरासरी घ्या, प्रचरणाने, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाने, भागा. सरक शून्य असताना उत्तर १ येतं, आणि सरक वाढेल तसं ते उतरत जातं. हा वक्र पहिल्यांदा शून्याला टेकतो तिथपर्यंतचं त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे सहसंबंध काळ. आपल्या उदाहरणात तो ६ सेकंद धरू. एक स्वतंत्र निरीक्षण मिळायला याच्या दुप्पट, म्हणजे १२ सेकंद लागतात. १,८०० सेकंदांत अशी किती बसतात? १५०.

छत्तीस हजार नव्हेत, दीडशे. सरासरीतली खरी चूक ०.८ भागिले १५० चं वर्गमूळ, म्हणजे ०.०६५ मीटर. आधीच्या उत्तराच्या पंधरापट. सॅम्पलिंग २० वरून १०० हर्ट्झ केलं तर फाइल पाचपट फुगेल, पण हे दीडशे दीडशेच राहतील. ते वाढवायचे तर जास्त वेळ मोजावं लागतं, दुसरा उपाय नाही.

दोन सापळे सांगतो. शून्यानंतर वक्र वरखाली डोलत राहतो. तो सगळा जोडत गेलात तर क्षेत्रफळ मनाला येईल तसं बदलतं, म्हणून पहिल्या शून्यावर थांबा. दुसरं, पायरी एकमध्ये कल जोरात वजा केला असेल तर सहसंबंध काळ खोटा आखूड येतो आणि निरीक्षणं खोटी वाढतात. मूळ फाइल आणि कल काढलेली फाइल, दोन्हींवर हा काळ काढून बघा. फरक मोठा आला तर मोठ्यावर विश्वास ठेवा.

प्रत्येक पुढच्या आकड्याची चूक काढायला एक सोपी रीत सगळीकडे चालते. फाइलचे एक-एक मिनिटाचे तीस तुकडे करा. त्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीस तुकडे उचला, एकच तुकडा पुन्हा आला तरी चालेल. त्यावर आकडा काढा. असं हजार वेळा करा. हजार उत्तरांचं पसरणं हीच चूक. तुकडा सहसंबंध काळाच्या बराच मोठा हवा. ६ सेकंदांना १ मिनिट पुरतं. सुटे बिंदू उचलून हे करू नका, नाहीतर पुन्हा ३६,००० च्या भ्रमात जाल.

पायरी तीन: वेळेचं अंतर करा

सिद्धान्त अंतराबद्दल बोलतो, फाइलमध्ये वेळ आहे. जेफ्री टेलर यांनी १९३८ मध्ये सुचवलेला पूल असा: भोवरा बदलायच्या आत वारा त्याला खांबासमोरून वाहून नेतो, म्हणून अंतर म्हणजे सरासरी वेग गुणिले वेळ. प्रमाण विचलन आणि सरासरी वेग यांचं गुणोत्तर लहान असेल तरच हे चालतं. आपलं गुणोत्तर ०.१६ आहे, चालेल. ०.३ च्या पुढे गेलं, मंद वारा आणि तापलेली जमीन असेल, तर मी पुढच्या पायऱ्या करत नाही.

आता आपली नजर कुठून कुठपर्यंत पोहोचते ते पाहा. दोन निरीक्षणांत पाव मीटर अंतर आहे, म्हणून अर्ध्या मीटरहून लहान तरंग दिसतच नाही. सर्वांत मोठे भोवरे ६ सेकंद गुणिले ५, म्हणजे ३० मीटरचे. आणि खाली, जिथे हवेचा चिकटपणा भोवरे मोडून ऊर्जेची उष्णता करतो, ती कोल्मोगोरोव लांबी? हवेची श्यानता दर सेकंदाला ०.००००१५ चौरस मीटर, तिचा घन करा, एप्सिलॉनने भागा, चौथं मूळ काढा: ०.७६ मिलिमीटर. आपलं यंत्र तिथपासून शेकडो पटींनी दूर आहे. ते भोवरे बघायचे तर मिलिमीटरभर लांबीची हॉट-वायर, म्हणजे वारा मोजणारी तापवलेली बारीक तार, आणि सेकंदाला किमान १३,००० निरीक्षणं हवीत. सॉनिकच्या फाइलमधून वेगाच्या बदलाचा दर काढून थेट एप्सिलॉन मोजणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा लागतो.

जमीन १० मीटरवर आहे, म्हणजे त्याहून मोठ्या भोवऱ्यांना ती चेपते. राहिला १० मीटर ते अर्धा मीटर हा पट्टा. यालाच आपण जडत्वाचा पट्टा म्हणायचं.

पायरी चार: स्पेक्ट्रम

कोल्मोगोरोव यांचे लेख १९४१ चे. त्याच वर्षी ओबुखोव यांनी तीच गोष्ट स्पेक्ट्रमच्या भाषेत मांडली आणि पाच-तृतीयांश हा घातांक तिथून रूढ झाला.

पायथनमध्ये सायपाय या संचातला वेल्च पद्धतीचा, म्हणजे तुकड्यांचे स्पेक्ट्रम काढून त्यांची सरासरी घेण्याचा, पर्याय घ्या. ४,०९६ निरीक्षणांचा एक तुकडा, निम्मं एकमेकांवर चढवून. असे १६ तुकडे बसतात. पहिली तपासणी: स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळ प्रचरणाइतकं, म्हणजे ०.६४ च्या आसपास येतं का? थोडं कमी येईल, कारण तुकडे करताना सर्वांत संथ चढउतार गळतात. निम्मं किंवा दुप्पट आलं तर एककात किंवा एकतर्फी-दुतर्फी हिशेबात चूक आहे.

मग रेघ ठेवू नका. स्पेक्ट्रमला वारंवारतेच्या पाच-तृतीयांश घाताने गुणा आणि सपाट पट्टा शोधा. लॉग-लॉग आलेखावर तिरकी रेघ जवळपास कशालाही चिकटते. सपाट पट्ट्यातला वाकडेपणा मात्र लपत नाही. आपला पट्टा अर्ध्या हर्ट्झपासून सुरू व्हायला हवा. ५ हर्ट्झच्या पुढे सावध राहा: १० हर्ट्झच्या पलीकडची ऊर्जा दुमडून खाली येते आणि वक्र उचलते, यंत्राच्या दोन टोकांमधली वितीएवढी वाट वेगाची सरासरी घेते आणि वक्र दाबते. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन पट्टा खोटा सपाटही दिसू शकतो.

म्हणजे हाती आली एक दसपट, ०.५ ते ५. एवढ्यात १.६७ आणि १.६ किंवा १.७५ यांत फरक करणं कठीण. १९६२ मध्ये ग्रँट, स्ट्युअर्ट आणि मोलिएट यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या अरुंद खाडीत जे मोजलं ते इतकं गाजलं याचं कारण हेच. तिथे प्रवाह इतका मोठा होता की पट्टा कित्येक दसपटींचा मिळाला. भारतातही १९९० च्या मॉन्टब्लेक्स मोहिमेत मान्सूनच्या द्रोणीच्या रेषेवर जोधपूरपासून खरगपूरपर्यंत खांबांवर वारा मोजला गेला, पण खांबावरच्या वाऱ्याला आपल्यासारखीच मर्यादा असते.

उताराहून कडक कसोटी सॉनिकमुळे फुकट मिळते. उभ्या वेगाचा स्पेक्ट्रम भागिले वाऱ्याच्या दिशेच्या वेगाचा स्पेक्ट्रम: बारीक भोवऱ्यांना दिशा उरली नसेल तर या पट्ट्यात उत्तर चार-तृतीयांश, १.३३, यायला हवं. उतार छान आणि हे गुणोत्तर ०.९, असं अनेकदा होतं. तेव्हा गुणोत्तराचं ऐका.

पायरी पाच: वेगफरक आणि एप्सिलॉन

ठरावीक अंतरावरच्या दोन वेगांचा फरक घ्या, वर्ग करा, सरासरी काढा. याला दुसऱ्या घाताचं स्ट्रक्चर फंक्शन म्हणतात. कोल्मोगोरोव यांच्या मते ते २ गुणिले (एप्सिलॉन गुणिले अंतर) चा दोन-तृतीयांश घात. त्यातला २ हा प्रयोगांतून आलेला अंदाजी स्थिरांक आहे.

आपल्या फाइलमध्ये १ मीटर म्हणजे ४ निरीक्षणांची सरक. एप्सिलॉन ०.०१ असेल तर तिथे ०.०९३ यायला हवं, २ मीटरला ०.१४७, ४ मीटरला ०.२३४. उलट दिशेने, मोजलेल्या आकड्यावरून प्रत्येक अंतराला एप्सिलॉन काढा आणि तो कोणत्या अंतरांवर स्थिर राहतो ते बघा. ३० मीटरच्या पलीकडे फंक्शन प्रचरणाच्या दुप्पट, १.२८ वर, जाऊन थांबेल. तसं झालं नाही तर पायरी एककडे परत जा.

स्पेक्ट्रममधूनही एप्सिलॉन निघतो. दोन्ही जुळले की समाधान वाटतं. पण ही दोन्ही रूपं एकाच माहितीची आहेत, एकातून दुसरं गणिताने मिळतं. जुळले म्हणजे तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे, एवढंच. भौतिकशास्त्राची साक्ष पुढच्या पायरीला मिळते.

पायरी सहा: तिसरा घात, आणि चिन्हाचा सापळा

पाटबंधाऱ्याचं पाणी ज्याने पाहिलं आहे त्याला ही पायरी लगेच समजेल. मुख्य कालव्यातून पाणी वितरिकेत जातं, तिथून शेतचारीत, आणि मुरतं ते शेवटी शेतात. वाटेत गळती नसेल तर कुठल्याही टप्प्यावर मोजा, सेकंदाला जाणारं पाणी तेवढंच. टर्ब्युलन्समध्ये ऊर्जेचं असंच होतं: मोठा भोवरा लहानाला देतो, तो आणखी लहानाला, आणि चिकटपणात ती शेवटी मुरते. मधल्या पट्ट्यात वाहणारा विसर्ग म्हणजे एप्सिलॉन. वर्ग केलेले फरक ऊर्जा किती आहे ते सांगतात, पण ती कुठल्या दिशेला वाहते ते सांगत नाहीत. दिशा सांगायला विषम घात लागतो.

कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्येच प्रवाहाच्या मूळ समीकरणांतून हा नियम काढला: वेगफरकाच्या घनाची सरासरी उणे चार-पंचमांश गुणिले एप्सिलॉन गुणिले अंतर. त्यात प्रयोगातून भरायचा एकही स्थिरांक नाही. टर्ब्युलन्समध्ये असे नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून मला हा फार प्रिय आहे.

तुमच्या फाइलमध्ये मात्र उत्तर धन येईल. घाबरू नका. नंतर आलेली हवा ही आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे मागे होती. म्हणून 'नंतरचा वजा आधीचा' हा वेळेतला फरक अंतराच्या भाषेत 'मागचा वजा पुढचा' होतो. चिन्ह उलटतं. ते जाणीवपूर्वक उलटवा आणि वहीत तसं लिहा. चिन्ह चुकलं आणि ऊर्जा लहानातून मोठ्याकडे वाहते असा निष्कर्ष निघाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१ मीटरला अपेक्षा उणे ०.००८. दुसऱ्या घाताच्या दीड घाताने भागलं की उणे ०.२८. वितरणाचा हा एका बाजूचा झुकाव लहान आहे. १ मीटरचे फरक लवकर विसरले जातात, म्हणून इथे दीडशेहून बरीच जास्त, अंदाजे ४,५०० स्वतंत्र निरीक्षणं धरता येतील. तरीही गाऊसच्या घंटेसारख्या वितरणाच्या हिशेबाने या झुकावात ०.०६ ची चूक राहते, म्हणजे पाचवा हिस्सा, आणि प्रत्यक्षात शेपट्या, म्हणजे वितरणाची दोन टोकं, जाड असल्याने त्याहून जास्तच. शिवाय जमिनीजवळ वेग उंचीबरोबर बदलतो आणि पट्टा आखूड आहे, त्यामुळे चार-पंचमांशाच्या, म्हणजे नियमातल्या ०.८ च्या, जागी त्याहून कमी आकडा दिसणं साहजिक आहे. अर्ध्या तासात चिन्ह आणि ढोबळ आकार मिळाला तर तेवढंच लिहा.

पायरी सात: शेपट्या

प्रत्येक अंतरासाठी वेगफरकांना त्यांच्याच प्रमाण विचलनाने भागून वितरण काढा, उभा अक्ष लॉगमध्ये. १५० मीटरला ते गाऊसच्या घंटेसारखं दिसेल. १ मीटरला शेपट्या वर उचललेल्या दिसतील: मोठ्या उसळ्या गाऊसच्या अपेक्षेहून कितीतरी जास्त. चौथ्या घाताची सरासरी भागिले दुसऱ्या घाताच्या सरासरीचा वर्ग, म्हणजे फ्लॅटनेस, गाऊससाठी ३ असतो. अंतर कमी होत जाईल तसा तो ३ च्या वर चढताना दिसला पाहिजे.

मूळ सिद्धान्तात हे नव्हतं. एप्सिलॉन सगळीकडे सारखा मुरतो असं धरलं होतं. लेव लांडाउ यांनी लवकरच त्यावर बोट ठेवलं. कोल्मोगोरोव यांनी स्वतः १९६२ मध्ये दुरुस्ती केली. १९८४ मध्ये आन्सेल्मे आणि सहकाऱ्यांनी वरच्या घातांचे घातांक मोजले आणि ते सरळ रेषेच्या खाली वाकतात हे स्पष्ट झालं. झेनसू शी आणि एमानुएल लेव्हेक यांच्या १९९४ च्या सूत्राने दुसऱ्या घाताला ०.७०, चौथ्याला १.२८, सहाव्याला १.७८ येतात, तर १९४१ च्या हिशेबाने ०.६७, १.३३ आणि २ यायला हवेत.

सहावा घात काढायचा मोह आवरा. कुठलाही घात लिहिण्याआधी एक आलेख काढा: वेगफरकाचा तो घात गुणिले त्याची शक्यता. दोन्ही बाजूंनी डोंगर चढून पुन्हा शून्यावर उतरला तर सरासरी भरवशाची. शेवटच्या दोन-तीन बिंदूंवर डोंगर अर्धवट तुटला असेल तर तुमचं उत्तर त्या दोन-तीन झुळुकांनी ठरवलं आहे. अर्ध्या तासाच्या फाइलवर चौथ्याच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि साफसफाईत काढलेले बिंदू इथे एकदा परत घालून बघा. फ्लॅटनेस एकदम उडाला तर त्याचा आधार ती साफसफाईच होती.

वरच्या घातांची खरी भूक असेल तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा टर्ब्युलन्सचा विदासंच सर्वांना खुला आहे. तिथे प्रत्येक बाजूला १,०२४ बिंदूंच्या घनातला संगणकीय प्रवाह मिळतो. तिथे टेलरचा पूल लागत नाही आणि खांब कलत नाही. सराव आधी तिथे करावा आणि मग माळावर यावं.

पायरी आठ: नकली फाइल

आता शेवटची कसोटी. ही मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतो.

तुमच्या मालिकेचं फूरिए रूपांतर घ्या, म्हणजे ती वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत मोडा. प्रत्येक वारंवारतेचा आकार तसाच ठेवा, पण तिची कला, म्हणजे फेज, यादृच्छिक करा: शून्य ते ३६० अंशांतली कुठलीही, चिठ्ठी टाकून. मग उलट रूपांतर करा. ३६,००० ओळींची नवी फाइल तयार होईल. पडद्यावर ती वाऱ्यासारखीच दिसेल.

तिच्यावर सगळ्या पायऱ्या पुन्हा चालवा. सरासरी तीच. प्रमाण विचलन ०.८. सहसंबंध काळ ६ सेकंद. स्पेक्ट्रम बिंदूला बिंदू जवळपास तोच, उणे पाच-तृतीयांशचा पट्टा तेवढाच सपाट. १ मीटरला दुसरा घात ०.०९३, एप्सिलॉन ०.०१. आणि या फाइलमध्ये प्रवाह नाही, भोवरे नाहीत, ऊर्जा कुठूनही कुठे वाहत नाही. पायरी पाचपर्यंतचा एकही आकडा हे ओळखू शकत नाही.

तिसरा घात काढा: मोजण्यातल्या चुकीएवढा फरक सोडला तर शून्य. फ्लॅटनेस काढा: १५० मीटरला ३, १ मीटरलाही ३.

अशा शंभर नकली फाइली करा. तिसऱ्या घाताचे आणि फ्लॅटनेसचे शंभर आकडे एका पट्टीवर मांडा आणि खऱ्या फाइलचा आकडा त्या पट्टीवर कुठे पडतो ते बघा. तो गर्दीच्या बाहेर पडला तर तुमच्या खांबाने टर्ब्युलन्स मोजला. गर्दीत पडला तर आणखी दोन तास मोजा.